कोबीवरची बीटी

संकष्टी, अंजनगाव. चंद्र निघायला अजून वेळ आहे.

काल कोबीवर बीटी फवारली. मातीतल्या जिवाणूंची ती पावडर, अळीचं पोट बिघडवणारी. पण सासूबाईंना बीटी म्हणजे फक्त कपाशी! "काहून वं, कोबीत पऱ्हाटी लावून राहिली का?"

आज त्यांनीच वाफ्यात वाकून पाहिलं. "मेली कुठं थे? जित्ती हाय!" मलाही धाकधूक होतीच, पावडर खोटी तर नाही ना? मग नीट पाहिलं. अळी जिवंत, पण पानाला एकही नवं भोक नाही. खाणंच सोडलंय बाईनं!

घरी आल्यावर साबुदाण्याची उसळ दुसऱ्यांदा वाढून घेताना सासूबाई म्हणाल्या, "माह्यापेक्षा तिचाच उपास कडक हाय."