एकाने थांबायचं, एकाने शोधायचं

हूफडॉर्प, नेदरलँड्स, एप्रिल

प्रिय आसावरी,

“मुलांच्या बाबतीत एकमेकींपासून काही लपवायचं नाही. नवऱ्यांबद्दल हवं तेवढं लपवू.” हे तू म्हणाली होतीस, आपली ओळख होऊन अर्धा ताससुद्धा झाला नव्हता तेव्हा. नगरपालिकेच्या ऑफिसात आपण दोघी नोंदणीसाठी बसलो होतो. भिंतीवरच्या पडद्यावर टोकनचा नंबर बदलला की तुझा सिद्धार्थ आणि माझी ईशानी, आठ-आठ वर्षांची ती दोन पोरं, तो नंबर मूळ संख्या आहे की नाही यावर भांडायची. काचेमागची बाई त्यांना गप्प करायचं सोडून स्वतःच उत्तर शोधायला लागली होती. तू म्हणालीस की ही दोघं आता एकमेकांना सोडत नाहीत, तेव्हा आपणही आपला नियम ठरवून घेऊ. आणि मग ते वाक्य. मी हसत हो म्हणून टाकलं.

तू फोन घेत नाहीस याचा मला राग नाही. मीही घेतला नसता. कागदावर लिहिलं तर निदान तुझ्या हातात काहीतरी पडेल, आणि लगेच उत्तर द्यावं लागणार नाही, म्हणून लिहायला बसले. तुमच्या इथल्या घरात आता एक तरुण डच जोडपं राहायला आलंय. चांगली माणसं आहेत, घरात कुंडीत ठेवलेलं तुझं कढीपत्त्याचं झाड त्यांनी फेकलं नाही. उलट प्रसन्नला एकदा गाठून विचारलं की याचं करायचं काय. पण वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत दिवा दिसला की माझी मान अजून आपोआप वर जाते. वाटतं, सिद्धार्थ बसलाय अभ्यासाला, ईशानीला सांगायला हवं. मग पुढचं आठवतं. हे प्रत्येक वेळी होतं, आसावरी. इतक्या महिन्यांत एकदाही आधी आठवलेलं नाही.

ईशानीबद्दल तू विचारणार नाहीस, पण मला सांगावं लागेल. तिची सहावी संपत आलीये. पुण्यात कोणाला सांगायचं झालं की आपण दोघी म्हणायचो, सहावी म्हणजे आपली बारावी हो, आणि पलीकडचं माणूस हमखास म्हणायचं, अरे वा, सोपं आहे मग. गणित डी, म्हणजे ते जादाचं गणित, घेतलेली दोन शाळांत मिळून पाचच मुलं होती, म्हणून दर गुरुवारी दुपारी कालव्याकाठच्या गावातल्या दुसऱ्या शाळेत त्यांचा एकत्र वर्ग भरायचा. आता चार आहेत. त्यांचे मेनेर, गणिताचे सर, हजेरी घेत नाहीत, नुसते डोकी मोजतात. ईशानी सांगते, ते अजूनही पाचापर्यंत मोजायला जातात आणि चारवर तोंड उघडं ठेवून थांबतात.

तुला ते ग्रोनिंगनचं शिबिर आठवत असेल. विद्यापीठाने शाळेतल्या मुलांसाठी भरवलेलं, गणिताचं. आपण दोघींनी वाटून थालीपीठं केली होती, आणि ती दोघं ती सगळी जातानाच्या गाडीत संपवून, तिथे पहिल्या संध्याकाळी उपाशी बसली होती. तिकडूनच तो प्रश्न घेऊन आली. दोन माणसं धुक्यात हरवली आहेत. हाक ऐकू जात नाही, फोन नाही. एकमेकांना सापडायला त्यांनी काय करावं? दोघंही थांबली तर कधीच भेट नाही. दोघंही शोधत फिरली तर हा इथून निघतो तेव्हाच ती इथे पोचते. परत येताना सिद्धार्थने ईशानीला विचारलं होतं की मराठीत याला शब्द आहे का, आणि ती म्हणाली होती, आहे, आई नेहमी म्हणते, चुकामूक. तो शब्द त्याला इतका आवडला की त्यांच्या सहावीच्या प्रकल्पाला त्याने डच मथळ्याखाली हाच शब्द दिला. मेनेर म्हणाले, हे काय आहे? तर म्हणे, सर, याला तुमच्याकडे इतका छान शब्द नाही.

प्रकल्प दोघांनी मिळून करायचा असतो आणि तो झाल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांनी अर्धा-अर्धा वाटून घेतला होता. कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं असेल तर सगळ्यात चांगली रीत एकच, एकाने जागेवर थांबायचं आणि दुसऱ्याने एकेक जागा शोधत यायचं. त्यांनी ते सिद्ध केलं होतं म्हणे, मला त्यातलं एवढंच कळतं. थांबणाऱ्याचा भाग ईशानीचा, शोधणाऱ्याचा सिद्धार्थचा. थांबणाऱ्याचा फेब्रुवारीतच लिहून झाला. शोधणाऱ्याचा ती हातात घेत नाही. मेनेरांनी दोनदा मुदत वाढवून दिली. प्रसन्न म्हणाला, बाबा टाइप करतो, तू नुसतं सांग. ती म्हणाली, तो माझा भाग नाही. आणि उठून गेली.

घरात ती असते, पण ती असते म्हणजे काय ते कसं सांगू. जेवते, ताट घासते, मी मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर देते, नेहमीसारखी. टेबलावर बसली की मात्र अजून डाव्या बाजूलाच बसते, उजवीकडची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली. मी ती आत सरकवते. ती पुन्हा बाहेर ओढते. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, एका बाईंकडे पाठवलं, त्या बाईही चांगल्या आहेत. सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, तुझी काही चूक नाही. ती मान हलवते. मला कळायचं नाही की चुकीचा विषय मुळात कोणी काढला होता.

मार्चपासून ती गुरुवारी उशिरा यायला लागली. वर्ग लांबला, वाचनालयात होते, असं काहीबाही. एका गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि गाडी कालव्याच्या रस्त्याने घेतली. इतके महिने मी तो रस्ता टाळत होते. जुन्या पंपघराजवळ ती दिसली. सायकल स्टँडवर लावलेली, स्वतः कडेच्या गवतात उभी. फोन बघत नव्हती, रडत नव्हती. बस स्टॉपवर माणूस उभं राहतं तशी रस्त्याच्या एका टोकाकडे बघत उभी होती. वारा असा होता की गाडीचं दार माझ्या हातून सुटलं. मी विचारलं, काय करतेस इथे? तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. मग मराठीत म्हणाली, “थांबणाऱ्याने हलायचं नसतं, आई. मी हलले.”

बाकीचं तिने गाडीत सांगितलं, आणि ते ऐकताना मला तू दिसत होतीस. तेराव्याला तुमच्या घरी, हातात उपरणं धरून, जो येईल त्याला तू एकच विचारत होतीस. तो घरी येत होता ना? मग अपघाताच्या वेळी त्याचं तोंड शाळेकडे कसं? पोलिसांना तू विचारलंस, मेनेरांना विचारलंस, प्रसन्नला तर तीन वेळा. कोणी म्हणालं वर्गात काही विसरला असेल. कोणी म्हणालं धुक्यात दिशा चुकली असेल. तुझा गौरव तुला म्हणत होता, आसावरी, आता पुरे. ईशानी तेव्हा तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला उत्तर माहीत होतं.

त्या गुरुवारी दोघं बरोबरच निघाली होती. धुकं इतकं की पुढच्या सायकलचा लाल दिवा तेवढा दिसत होता. पंपघराजवळ ईशानीच्या सायकलची चेन उतरली. सिद्धार्थ पुढे होता, बोलत चालला होता, त्याला कळलंच नाही. तिच्या फोनची बॅटरी संपलेली, ती कायमच संपलेली असते. तिने हाक मारली, पण धुकं आणि वरून विमान. त्यांचा नियम होता. प्रकल्पापासून तो त्यांनी खेळासारखा पाळायला घेतला होता, बाजारात, स्टेशनवर, शिबिरात: चुकामूक झाली तर ईशानीने असेल तिथे थांबायचं आणि सिद्धार्थने शोधत यायचं. ती थांबली. तो आपल्या वळणापर्यंत पोचला असणार, घर समोर, मागे वळून पाहिलं असणार, आणि ती नाही.

तो परत फिरला होता, आसावरी. तिला शोधायला. म्हणून त्याचं तोंड शाळेकडे होतं. तो काही विसरला नव्हता आणि दिशाही चुकला नव्हता. त्या व्हॅनवाल्याला तो दिसला नाही, याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.

ईशानी बराच वेळ उभी राहिली. मग एक बाई सायकलवरून आली, तिने चेन बसवून दिली आणि सांगितलं की पुढे रस्ता बंद केलाय, पूल ओलांडून पलीकडच्या काठाने जा. ती गेली. वाटेत पाण्यापलीकडे धुक्यात निळे दिवे फिरताना तिला दिसले. तिला वाटलं, सिद्धार्थ घरी पोचला असेल आणि आता उद्या आपल्याला चिडवेल, की तू नियम मोडलास, थांबली नाहीस. ती दारातून आत आली तेव्हा मी कानाला फोन लावून उभी होते, आणि पलीकडे तू होतीस.

हे सगळं तिने तुला स्वतः सांगायचं ठरवलंय. जुलैत आम्ही पुण्याला येणार, तेव्हा तुझ्या घरी येऊन. मला म्हणाली, मावशीला तू सांगू नकोस. मी तिला म्हटलं की लिहिणार. तुझ्यासारख्या आईला हे दारात, चपला काढता काढता ऐकावं लागू नये. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण शेवटी तुझा पत्ता लिहिलेलं पाकीट तिनेच आणून दिलं. तुला वाटेल की सुनेत्राने आपल्या पोरीचं ओझं हलकं व्हावं म्हणून ते माझ्यावर आणून टाकलं. वाटू दे. ते थोडं खरं आहे. माझी मुलगी जिवंत आहे, आणि ती मला पुरी परत हवी आहे. हे तुझ्यापुढे म्हणायची मला लाज वाटते, पण तुझ्यापासून लपवायची त्याहून जास्त वाटते.

पुण्याला परत जाताना विमानतळावर तू मला मिठी मारलीस आणि कानात म्हणालीस की ईशानीला माझ्यासमोर कधी आणू नकोस, तिच्या बाजूला रिकामी जागा दिसते. मी ते विसरलेले नाही. तिला ते सांगितलेलंही नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कदाचित मिठी न मारता.

तरी मागते. तिला एकदा घरात घे. तिच्यावर रागव, ओरड, नाहीतर काहीच बोलू नकोस, तिचं सगळं ऐकून घे आणि चहाही देऊ नकोस. तुझी चूक नाही, असं मात्र म्हणू नकोस, ते इथे सगळ्यांनी म्हणून झालंय आणि तिच्यापर्यंत ते पोचत नाही. फक्त शेवटी तिला एवढंच सांग, की तो आता यायचा नाही, तू तिथून निघालीस तरी चालेल. मी सांगितलं, प्रसन्नने सांगितलं, पण तो आमचा नव्हता, आमच्या शब्दावर ती कशी हलणार? तो तुझा होता, तेव्हा हे तूच सांगू शकतेस. आणि मला पक्कं माहीत आहे की तू नाही म्हणशील. कारण ते तिला सांगायचं तर तुला ते आधी तुझ्या तोंडून ऐकावं लागेल, आणि तूही अजून तशीच उभी आहेस. तरीही, आसावरी, सांगशील का?

तुझीच,
सुनेत्रा