चाचणीची नखं

६ फेब्रुवारी २०२५, बसवनगुडी, बंगळूर

नदीवरच्या, खाणीच्या खालच्या घाटावरची सगळी कासवं प्रबंधातून काढायची म्हणे! माझे मार्गदर्शक रघुनंदन सर, त्यांचा हुकूम. "वरच्या घाटावरची तेवढी ठेव, जूनपर्यंत मोकळी होशील. स्वल्प, थोडं समजून घे अम्मा, नखांतला धातू मोजायचं हे यंत्र खाणवाल्यांनीच दिलंय." मग त्यांच्याच यंत्रावर त्यांचंच पाणी तपासू, म्हटलं. सर हसले नाहीत.

७ फेब्रुवारी

आई गावाहून आली. देवाप्पा मासेमाराने तिच्याबरोबर नखांची डबी पाठवली – दोन्ही घाटांवरची अकरा कासवं, प्रत्येकाच्या नखाचं टोक कापून परत नदीत सोडलेली. आईने चहा दिला, अर्धा बशीत. "बसच्या धक्क्यांनी हात अजून थरथरतोय बघ." मग हळूच, "कासवांपायी सरांशी भांडतेस? बाबा त्याच खाणीत आहेत, विसरलीस?"

नाही विसरले. घरातली पहिली पदवी त्याच पगारावर झाली. म्हणूनच गप्प बसवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

कासवाचं नख चिमूटभर, वाया घालवून चालत नाही. म्हणून यंत्रात आधी माणसाचं घालून बघायचं, ही आमची रीत. माझी तर कुरतडून संपलेली! आईकडे मागितली.

"शनिवारी नखं कापतात? शिकून अक्कल गहाण ठेवलीस?"

तरी कापली. दहाच्या दहा.

१२ फेब्रुवारी

खालच्या कासवांत मँगनीज वरच्यांच्या चौपट. चौपट! एकही काढणार नाही.

चाचणीच्या नखांचा आकडा मात्र त्याहून जास्त. माझंच नखं धुण्यात चुकलं असणार.

१३ फेब्रुवारी

आईची उरलेली नखं तीनदा धुतली. आकडा तोच. सरांना दाखवला. "हे लिहू नकोस. माणसाची लेखी परवानगी लागते."

आई तीस वर्षं खालच्या घाटावर बाबांचे खाणीतले कपडे धुते. तेच पाणी पिते. तिचा हात बसमुळे थरथरत नव्हता.

१४ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. नाव छापत नाहीत, नुसतं 'व्यक्ती एक' लिहितात, हेही.

"कासवांना नाव नाही. मला आहे. तानूबाई संताजी जगताप, पुरं लिही."

परवानगीवर सही केली. वाकडीतिकडी.

"आणि बाबांची नोकरी?" मी विचारलं.

"त्यांना फोन केलाय. नखं घेऊन या म्हटलं, वार बघत बसू नका."