कल्हईला दिलेलं पातेलं

१० जून १९५७, सोमवार
शाळेतल्या नोकरीचा पहिला दिवस. मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. "मार्क चांगले आहेत हो तुमचे. पण मुलींसमोर उभं राहायचं तर नीटनेटकं दिसायला हवं. दिवाळीत ठरेल, कायम करायचं की नाही ते." बोलताना नजर माझ्या विरलेल्या काठावर!

राग यायला हवा होता. आली ती लाज. ट्रंकेत दोन जाडीभरडी लुगडी आणि एक पाचवारी, तिचाही रंग गेलेला. पगार महिन्याने.

१२ जून
दुकानात बारीक सुताच्या साड्यांना नुसता हात लावून आले. दुकानदार गादीवरून उठलाही नाही, माणसं ओळखतो मेला. माझं ठरलंय – भडक तीन घेण्यापेक्षा फिक्या, चांगल्या पोताच्या दोन. झंपर असे, की दोन्हींवर चालतील. बेत पक्का आहे, घ्यायचं कशानं तेवढंच राहिलंय.

१४ जून, शुक्रवार
केलं ते लिहून टाकते. म्हाळसा बोहारीण गल्लीत आली. बायका जुने कपडे देऊन भांडी घेतात, मी भांडं देऊन जुने कपडे घेतले. तीही हसली. "आक्रीतच हाय बाई तुमचं!" साड्या मात्र अस्सल, कुणा साहेबाच्या घरच्या. एक राखी, एक मोतिया. मोतियाला दांड भरलाय, म्हणजे मधला फाटका भाग काढून जोड दिलाय. पण तो निऱ्यांत जातो.

भांडं म्हणजे आईचं पितळेचं पातेलं. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं. मी बारामतीत खोली घेतली तेव्हा लासुर्ण्याहून एस्टीत मांडीवर धरून घेऊन आली होती. कडेला पोचा आहे, लहानपणी मीच विहिरीत पाडलं होतं. एकटीला एवढं पातेलं कशाला, असं मनाला सांगितलं. अजून सांगतेच आहे.

१७ जून
राखी नेसले. मोठ्या बाई म्हणाल्या, "छान." शिवण शिकवणाऱ्या द्वारकाबाई पदर चिमटीत धरून बघत होत्या. कुठे घेतली? मी म्हटलं, पुण्याला. अडखळलेसुद्धा नाही.

१८ जून
दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीतला कापराचा वास येतो साडीला. दोनदा धुतली.

४ जुलै, गुरुवार
शाळेतून आले तर आई पायरीवर. बाजारात वांगी घालून आली होती. अंगावर तिचं नेहमीचं, दोनदा दांड भरलेलं लुगडं. हात पुसून माझा पदर चाचपला. "मऊ हाय." कुठे घेतली, किती पडली, काही विचारलं नाही. मग चुलीकडे बघून म्हणाली, "पातेलं कुठं हाय गं?"

"कल्हईला दिलंय."

"व्हय? चांगली करून घे. कथिल कमी घालत्यात."

भाकरी खाल्ली आणि एस्टीला निघाली. जाताना म्हणाली, "साडीला जप." मी मान खालीच घालून उभी होते. असलं खोटं आईशी बोलायला तोंड कसं उघडलं माझं? स्वतःची किळस आली.

५ जुलै
पगार झाला. म्हाळसा भेटली की पातेलं सोडवायचं, कितीही मागू दे. साड्या आता अंगाला टोचतात, बारीक सुताच्या असून.

१४ जुलै, रविवार
म्हाळसा आली. मी तोंड उघडायच्या आत दारात गाठोडं सोडलं. "तुमाला असलंच लागतंय म्हणून राखून ठिवलंय." वरच हिरवं इरकली लुगडं, कुठेही जोड नाही. आईचं. ते फक्त सणाला निघायचं.

पातेलं कुठे, म्हणून विचारलं.

"ते गेलं की गेल्या म्हयन्यातच. लासुर्ण्याच्या एका बाईनं न्हेलं. पोच्यावरनं हात फिरवला अन् ह्ये इरकल काढून दिलं. मी म्हनलं, बाई, पातेल्यापरीस लुगडं भारी हाय. तर म्हनली, असू दे."

गेल्या महिन्यात. म्हणजे आई इथे बसून मला विचारत होती, तेव्हा पातेलं तिच्याच घरी होतं.