खंडूला सांगायचं राहिलेलं

१२ फेब्रुवारी, सोमवार

खंडूनं आज मला अहो-जाहो केलं. चहा पुढं ठेवला तर म्हणतो, "बाई, तुम्ही घेतला का?" माझ्या कडेवर वाढलेला भाऊ! पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन आले.

त्याचा मुलगा संतोष काल त्याला कळवणहून इथं सातपूरला माझ्याकडं सोडून गेला. कांदाचाळीचे पत्रे बदलताना खंडू वरून पडला, डोक्याला मार. दोन महिने झाले. जखम भरली, आठवण गेली. चालतो, जेवतो, सहीसुद्धा करतो. पण बायको कोण होती, गाव कोणतं — कोरा कागद. डॉक्टर म्हणाले, जुन्या माणसाजवळ ठेवा, त्यांना जुनं बोलू द्या. जुनं माणूस आता मीच उरले, बहात्तर वर्षांची.

१५ फेब्रुवारी

दळण निवडताना एकेक खडा काढावा तसं रोज सकाळी थोडं थोडं सांगते. तुझं नाव खंडेराव. तुझी फुलाबाई पाच वर्षांमागं गेली, तिच्या हाताला चव होती. तुला भाकरीवर तेल-तिखट लागतं. आपले आबा असे होते, माय अशी होती. आणि तू न् मी चंद्री, दोघंच भावंडं.

दोघंच, म्हणाले.

१९ फेब्रुवारी

कालपासून आक्का म्हणायला लागला. आठवून नव्हे, मी सांगितलं म्हणून. तरी बरं वाटलं.

आणि हसतो! योगिनीचं — माझ्या सुनेचं — दूध उतू गेलं, तर हा पोट धरून हसला. तेवढ्यात संतोषचा फोन. त्यानं ते ऐकलं. मग म्हणाला, "आत्या, हे आप्पा हसतायत? मी जन्मात ऐकलं नव्हतं."

का ऐकलं नव्हतं, ते मला विचार ना बाबा.

२१ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. पोराच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले, ती कशाला तरी उपयोगी पडू देत.

आम्ही तिघं होतो. मी तेरा वर्षांची, खंडू नऊ, आणि वाल्मीक चार. त्या दिवशी आमची पाण्याची पाळी होती. पाट भरून चालला होता. आबा शेतात, माय बाजाराला. मला सांगून गेली, वाल्मीकला धरून बस, सोडू नको. तेवढ्यात गावात कासार आल्याचं कळलं. पुढल्या महिन्यात मला पाहायला येणार होते. वाटलं, पळत जाते, बांगड्या भरते, पळत येते.

पाटाला पाणी मांडीएवढं. चार वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं.

मायनं विचारलं, त्याच्याजवळ कोण होतं? मी म्हणाले, "खंडूला बसवून गेले होते."

एवढंच वाक्य. खंडू तोंडातून ब्र काढीना. घाबरला असेल, असं मी साठ वर्षं धरून चालले. मायनं त्याला पुन्हा कधी आपल्या हातानं वाढलं नाही. गावातली पोरं 'भाऊ खाल्ला, भाऊ खाल्ला' करत मागं लागायची. मोठा झाल्यावरही पाटाची वाट टाळून हा लांबून शेतात जायचा. आणि माझं लग्न पुढल्या वर्षी वाजतगाजत झालं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत पेटता इंगळ आहे.

२४ फेब्रुवारी

आज सांगायचंच ठरवलं होतं. मेथी निवडली, कपडे वाळत घातले, गाद्यांना ऊन दिलं. नाही सांगितलं.

विसरला म्हणून तो सुटला. सुटलेल्याला परत दावणीला का बांधा? पण हे मी त्याच्यासाठी म्हणते की माझ्यासाठी?

२७ फेब्रुवारी, मंगळवार

रामकुंडावर गेलो होतो. खूळ माझंच. आजोबांच्या अस्थी घेऊन आबा आले होते, तेव्हा गुरुजींच्या घरच्या वहीत त्यांनी आमच्या घराण्याची नावं स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती. माझ्या तोंडी सांगण्यापेक्षा बापाचं अक्षर दिसलं तर खंडूच्या डोक्यात काही हलेल, असं वाटलं.

वेणीमाधव गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लांबडी वही काढली. बोट फिरवत वाचलं. पणजोबा, आजोबा, आबा. मग म्हणाले, "मुलगे दोन. खंडेराव आणि वाल्मीक."

मुलींची नावं लिहीत नसत. मी त्यात नाहीच. पण वाल्मीक असणार, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही! एक दिवस त्याच्याशिवाय गेला नाही, आणि तरी!

खंडू माझ्याकडं बघायला लागला. "आक्का, तू तर म्हनली दोघंच."

गुरुजी पेनाचं टोपण काढून तयार. आला आहात तर पुढची पिढी लिहून घेऊ म्हणाले. वाल्मीकरावांना मुलं किती?

"लहानपणीच गेला," मी म्हणाले. "तापानं."

त्यांनी तसं लिहिलं. आबांच्या अक्षराशेजारी माझं खोटं. आमच्या नातवंडांनी आता तेच वाचायचं.

मान वर केली तर खंडू पायऱ्या उतरून पाण्यात उभा. वर ये म्हटलं, तर म्हणतो, "लय गार हाय. तू बी ये ना."

२ मार्च

आता रोज वाल्मीकचंच. दिसायला कसा होता? किती दिवस ताप होता? डॉक्टर नव्हता का गावात? मी ठिगळाला ठिगळ लावत जाते. तीन दिवस, म्हणाले. काल पाच म्हणाले होते.

आज जेवताना विचारलं, "मी जवळ होतो का गं तेव्हा?"

भाकरी आणते म्हणून मी ताटावरून उठले.

५ मार्च

सांगितलं.

दुपारी घरात कुणी नव्हतं. तो खाटेवर, मी खाली त्याच्या पायाशी. पाट, कासार, मायचा प्रश्न, माझं उत्तर — काही गाळलं नाही. म्हटलं, तू तिथं नव्हतास. माझ्या जिवाला भिऊन तुझं नाव घेतलं. तुला जे सोसावं लागलं ते माझं होतं.

तो भिंतीकडं तोंड करून पडला. रात्रीचं ताट तसंच परत आलं.

७ मार्च

बोलत नाही. हसत तर नाहीच. योगिनी विचारते, मामांना काय झालं? संतोषला फोन केला, म्हटलं घेऊन जा. मी त्याला काय परत दिलं? हेच दिलं.

९ मार्च, शनिवार

संतोष खाली गाडीपाशी थांबला होता. खंडूनं पिशवी उचलली, ठेवली, आणि मला शेजारी बसवलं.

"आक्का, परवापासून आठवायलंय. मी त्या दिवशी आबांजवळच होतो. सकाळपासून. वाफ्यांची दारं धरत होतो."

मी त्याची पिशवी मांडीवर घेतली.

"रातच्याला आबांनी मला बेलभंडारा उचलायला लावला. म्हनले, चंद्रीचं लगीन मोडंल, पोरीची जात उभी जळंल. तू गडीमानूस, तू सोसशील. कुनाला बोलू नको." थोडा वेळ तळहाताकडं बघत बसला. मग लहान पोरासारखं विचारलं, "आता तूच बोलली. मंग माझी शपथ सुटली का गं?"