एकशे बत्तीस टक्क्यांची छाती

३ डिसेंबर
सराफ बाजारात फुप्फुसांची मोफत तपासणी. मशीनच्या नळीत जोरात फुंकायचं. चाळीस वर्षं फुंकणीने सोनं झाळलेल्या लीलाधर नानाला हे फुंकायला सांगणार! माझी फुंक निघाली सव्वा लिटर. समोरच्या गाळ्यातल्या रुपचंदची पावणेचार. हा माझ्याच हाताखाली शिकला आणि आता गॅसच्या बर्नरवर काम करतो. वर सगळ्या बाजारासमोर म्हणतो, "मशीनच बिघडेल शे, नाना." म्हणजे दोष मशीनचा, माझा नाही! असली दया म्हणजे जखमेवर मीठ. याची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

४ डिसेंबर, पहाटे ५
निर्धार. बिडी बंद. रोज पन्नास फुगे फुगवणार. पुढच्या शिबिरात पाच लिटर.

सकाळी ९
फुगे तीन. रबरच जाड होतं. बिडी एकच ओढली. एकदम सोडली तर शरीराला धक्का बसतो.

११ डिसेंबर
सूड, भाग पहिला. कोळशाची शेगडी दारात सरकवली. सगळा धूर रुपचंदच्या गाळ्यात जाईल असा हिशोब होता. वारा फिरला. अर्धा तास खोकलो. पाणी घेऊन कोण आलं, तर रुपचंद. प्यालो नाही. नंतर प्यालो.

घरी जिन्यात सातव्या पायरीला थांबावं लागतं. गवंड्याने पायऱ्या उंच केल्यात. सौ. म्हणाली, तीस वर्षं हाच जिना आहे. बायकांना बांधकामातलं कळत नाही.

१९ डिसेंबर
सौ.च्या हट्टापायी धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात. काचेच्या पेटीत बसवलं, नाकाला चिमटा, गाल हातांनी दाबून नळीत फुंकायचं. रिपोर्ट हातात आला आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. छातीत मावणारी एकूण हवा : १३२ टक्के! तिथली मुलगी म्हणाली, डॉक्टर दुपारी समजावतील, थांबा. शंभरपैकी एकशे बत्तीस मिळाल्यावर समजायचं काय राहिलं? मिळेल ती बस पकडून घरी परत, जळगाव.

२० डिसेंबर
रिपोर्ट लॅमिनेट करून गाळ्यात लावला. अर्धा किलो पेढे. पहिला रुपचंदला. त्याने रिपोर्ट दोनदा वाचला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. पेढा हातातच राहिला. जन्माचं सार्थक झालं.

२१ डिसेंबर
रुपचंद लेकीला घेऊन घरी आला. दिपमाला, फिजिओथेरपी शिकते. वाटलं, माफी मागायला आले. तिने रिपोर्टची खालची ओळ दाखवली. श्वास सोडल्यावर आत उरणारी हवा : २१४ टक्के. ती ओळ मी वाचली नव्हती. वाचायची गरजच काय होती?

ती म्हणाली, "नाना, भाता भरतो, पण रिकामाच होत नाही. जुनी हवा आत अडकून बसते, नव्या हवेला जागा राहत नाही. छाती मोठी नाही, फुगून बसलीय."

विचारलं, मग एकशे बत्तीस? म्हणाली, तो आजारच. बापाचीच लेक ती. त्याच्याच बाजूने बोलणार. सौ. रडायला लागली. मला भीती वगैरे वाटली नाही. थोडी वाटली.

२३ डिसेंबर
लग्नसराईत गाळा बंद करून रुपचंद धुळ्याला सोबत आला. तीनदा नको म्हणालो. "मी शे ना, नाना," एवढंच बोलला. लिफ्ट बंद. तीन मजले. दर वळणावर तो गुडघा धरून उभा राहायचा, फार दुखतो म्हणायचा. बेचाळिशीचा माणूस, काल बाजारात पळत होता. मला कळत नाही असं त्याला वाटतं.

डॉक्टरांनी बिडीवरून झापलं. पंप दिला. ओठ आवळून श्वास हळूहळू सोडायचा, रोज सराव. बाहेर बाकावर लगेच केला. रुपचंद सेकंद मोजत होता.

"चार."

मी म्हणालो, पाच.

"चारच, नाना. उद्या सकाळ पाच करूत."

भांडणार होतो. श्वास पुरला नाही.