डाव्या बाजूची तिसरी कॉलर

रविवार, ११ मे
आधी दुरुस्ती. काल मी लिहिलं की ॲक्सल अर्धा सेंटिमीटर हलला. ते चूक आहे. हलला तो जॅक. ॲक्सल होता तिथेच आहे.
बाकी सगळं ठरल्याप्रमाणे चालू आहे.

सोमवार, १२ मे. बुद्धपौर्णिमा
सुट्टी घ्यायची नाही असं ठरवलं होतं. घेतली.
पुढे गोंधळ नको म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. गाडी हिमायतनगरच्या शेषेरावमामांची. आठ चाकं, जमिनीवर चालते, पाण्यात तरंगते. पैनगंगेला पूर आला की आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, अडकलेली माणसं तिच्यातून आणतात. गावात तिला बेडूक म्हणतात. मागच्या पुराचा गाळ आत राहिला आणि डावीकडचा तिसरा ॲक्सल बेअरिंगमध्ये गंजून बसला. बेअरिंगला लागून लोखंडी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. आधी कॉलर सुटते, मग ॲक्सल निघतो. मामा एवढ्या लांब अहमदपूरला आले ते बाबांच्या नावावर. बाबांना मार्चमध्ये झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, हे मामांना गाडी टेम्पोतून उतरल्यावर कळलं. मी म्हटलं, बाबा सांगतील तसं मी करते. हे खोटं नव्हतं. पुढे सांगतीलच.
बाबांच्या दुरुस्तीच्या शेडची जागा बालाजीकाकांची. त्यांनी तारीख दिली आहे. ३१ तारखेपर्यंत बेडूक स्वतःच्या चाकांवर बाहेर गेलं तर शेड माझी. नाही तर एक जूनपासून प्लायवूडवाल्याची.
एकोणीस दिवस आहेत. मला चार पुरतील.
दुपारी बाबांना खीर भरवताना कॉलरबद्दल सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते एकदम म्हणाले, उलटी. झटक्यानंतरचा पहिला शब्द. मी घमेलं धरलं. उलटी झाली नाही. घमेलं वेळेवर धरलं म्हणून.
आनंद व्हायला हवा होता. खिरीची भांडी घासली.

बुधवार, १४ मे
पद्धत बदललेली नाही. कॉलरच्या खाचेत छिन्नी लावून डावीकडे ठोके. शंभर मारले की डिझेल सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत शंभर.
मी शाळेत एकदम पाचवीत गेले. तोवर बाबाच मास्तर. आकडे पान्यांवरून शिकले, त्यामुळे अजूनही दहा-अकरा, बारा-तेरा असे जोडीनेच आठवतात. कोपऱ्यात जुनं मळणीयंत्र आहे, त्याच्या पत्र्यावर खडूने पहिलं शुद्धलेखन घातलं होतं: उजवीकडे आवळतं, डावीकडे सुटतं. त्यात एकही चूक नव्हती माझी.
म्हणून डावीकडेच.

शुक्रवार, १६ मे
आई म्हणाली, दिवसभर घरात पडून माणूस सुकून जाईल, त्यांना शेडमध्ये बसव. खुर्ची नेली. तिसऱ्याच ठोक्याला बाबा म्हणाले, उलटी. घमेलं. काही नाही. पाचव्या ठोक्याला परत. परत घमेलं.
डिझेलच्या वासाने पित्त होत असणार. उद्यापासून वही: वेळ, काय खाल्लं, त्या वेळी काय चालू होतं. डॉक्टरांना नेमकी माहिती द्यायला हवी.
आई म्हणाली, सारखं सारखं घमेलं दाखवू नको तुझ्या बापाला, जेवण जाईना त्यांना. आईला या गोष्टींमधलं कळत नाही.

सोमवार, १९ मे
चार दिवसांचे आठ झाले. पण कॉलर आता आधीपेक्षा घट्ट वाटते. याचा अर्थ गंज शेवटचा जोर करतोय.
काका येऊन गेले. म्हणाले, बुद्धप्रिया, गाडी दुरुस्त करून राहिलीस का सांभाळून राहिलीस? आणि टेपने शेडचं दार मोजलं. प्लायवूडची शीट आठ फुटी असते म्हणे. मी टेपचं दुसरं टोक धरलं. कोणीतरी धरायला हवंच होतं.

गुरुवार, २२ मे
ठोके आजवर: दोन हजार शंभर. उलटी: एकोणीस वेळा.
आज बाबांनी माझ्या हातातून घमेलं घेतलं. डाव्या हाताने, स्वतः. मांडीवर धरून ते गोल फिरवलं, उजवीकडे. परत उजवीकडे. माझ्याकडे बघत राहिले. घमेल्याला तळाशी गंज लागलाय, तो दाखवत होते. खरं आहे. प्लॅस्टिकचा टब आणला.
टब बघून त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असावी.

शनिवार, २४ मे
शेषेरावमामांचा फोन. म्हणाले, बाई, निघून राहिलं का न्हाई आमचं बेडूक? पावसाचं काही खरं न्हाई यंदा. आमच्या आखाड्यावर म्हातारी माय हाय, तिला काय पाठीवर आणू? मी म्हटलं, ॲक्सल सुटण्याच्या मार्गावर आहे. मामा म्हणाले, मार्गावर तर आम्हीबी हाव पोरी, कुठं पोचलो ते सांग.
हात मनगटापर्यंत बधिर झालेत. ते बरं आहे, छिन्नी निसटली तरी कळत नाही.

मंगळवार, २७ मे
कालपासून बाबा उलटी म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. शेडमध्येही भिंतीकडे तोंड करून बसतात. मेडिकलवाल्याच्या गोळीचा गुण आला.
उद्या लातूरला डॉक्टरांकडे. एकटी जाते, फक्त वही दाखवायची आहे. परवा उरलेलं काम संपवते.

बुधवार, २८ मे
डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. असं सहसा कोणी करत नाही. म्हणाले, सव्वीस नोंदी आहेत. यात खरी उलटी किती वेळा झाली? मी म्हटलं, एकदाही नाही, भांडं वेळेवर धरल्यामुळे. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, वडील काय काम करायचे?
परतीच्या एसटीत वही उघडली. शेवटचा रकाना वर-खाली वाचला. त्या वेळी काय चालू होतं: कॉलरला ठोके. कॉलरला ठोके. कॉलरबद्दल सांगत होते. कॉलरला ठोके.
कॉलर उलटी फिरव.
ही कॉलर आट्यांवर बसतच नाही. मळणीयंत्रालाही अशीच आहे. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने ती आवळते. डावीकडच्या चाकाची उजवीकडे फिरवली की सुटते. मी अठरा दिवस ती आवळत होते.
घरी पोचल्यावर एक ठोका, फार तर दोन. तीन दिवस हातात होते.
चाकूरच्या पुढे समोरून एक टेम्पो आला. वर दोरीने बांधलेलं बेडूक. पुढे, ड्रायव्हरशेजारी, शेषेरावमामा. ते लातूरकडे चालले होते, मी अहमदपूरकडे. खिडकीतून हात केला. त्यांनी बघितलं नसावं.
तिकीट अहमदपूरपर्यंतचं होतं. बसून राहिले.

गुरुवार, २९ मे
मामांना फोन करून दिशा सांगणं माझं काम होतं. केला. मामा म्हणाले, सुटलं की कालच, लातूरच्या मिस्त्रीनं उलटा एक ठोका हाणला अन् कडं हातात. तो म्हणला, कोणीतरी लई मेहनतीनं आवळलंय. वाईट वाटून घेऊ नको बाई.
वाटून घेतलं नाही.
काका दुपारी चावी मागायला आले. रविवारी देते म्हटलं.
बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटत असेल, पोरीला शेवटपर्यंत कळलं नाही. गोळी बंद केली. टब मोरीत ठेवला.
मळणीयंत्राची कॉलर तेवढी राहिली आहे, दहा वर्षं गंजलेली. खुर्ची तिच्यासमोर ठेवायची, बाबांचं तोंड भिंतीकडे नको. आधी विचारायचं, बाबा, उलटी ना? मग ठोका.
वेळ ठरवली: शनिवार, ३१ मे, सकाळी सात.