अपेक्षाची हजेरी

बजाजनगर, रविवार

प्रिय अमृता,

चार वर्षांनी पत्र लिहितेय. फोन केला असता तर तू कशी आहेस विचारलं असतंस, मी बरी म्हटलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. बरी नाहीये मी. दमलेय. उजवा गुडघा जिना बघूनच कुरकुरतो.

आपलं संध्याकाळचं केंद्र अजून त्याच पत्र्याच्या खोलीत भरतं. आईबाप दुसऱ्या पाळीला गेले की पोरं मोकाट सुटतात आणि भंगारवाले त्यांना तार चोरायला बरोबर हेरतात, हे मला पहिल्यांदा तूच दाखवलंस. पाच ते आठ ती डोळ्यांसमोर राहिली तरी अर्धं काम झालं, म्हणायचीस. सध्या सव्वीस आहेत. शेजारच्या भागूबाई अजून उसळ शिजवतात आणि अजून मीठ जास्त घालतात. आपल्या केंद्रातला सांडू चिकलठाण्याला वेल्डिंगच्या कामावर लागलाय. दिवाळीत आला तेव्हा तुझी चौकशी करत होता. माझी नाही केली.

तुझा नियमही मी चालू ठेवला. जे मूल गैरहजर, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जायचं. फोन नाही, पायी. ओरडायचं नाही, नुसतं 'आज दिसला नाहीस' म्हणायचं. तू होतीस तेव्हा दोघी बडबडत जायचो, अंतर कळायचं नाही. तू गेल्यावर एकटी जात राहिले.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी अपेक्षा आली नाही. तू हिला पाहिलेलं नाहीस. चौदा वर्षांची, घरचे फुलंब्रीकडचे, गणितात हुशार आणि तोंडानं फटकळ. तिची खोली पार टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. गैरहजर लिहिलं तर जावं लागणार होतं, म्हणून मी हजर लिहिलं. एवढंच केलं मी. उद्या विचारू म्हटलं आणि घरी जाऊन पाय शेकत बसले.

त्याच संध्याकाळी एका बंद कारखान्याच्या आवारात तांब्याची तार काढताना तिच्या गल्लीतला कृष्णा सापडला. तेरा वर्षांचा. त्याचं नाव आपल्या वहीत नव्हतं. त्यानं सांगितलं, अपेक्षाही सोबत होती. दुसऱ्या दिवशी पोलीस केंद्रावर आले. मी वही पुढे केली. तोंडानं काहीच बोलले नाही, आणि ते मला तेव्हा पुरेसं वाटलं. पोरगी हुशार आहे, ती कशाला जाईल तिथं, असं स्वतःला समजावलं. अपेक्षा सुटली. कृष्णाला निरीक्षणगृहात नेलं, वर तो खोटारडाही ठरला.

परवा सगळी मुलं गेल्यावर अपेक्षा मागं थांबली. म्हणाली, "ताई, मी व्हते तिथं. कृष्णाला मीच नेलं. तो नको म्हणत व्हता." मग वहीकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी तुमी आल्या असत्या तर जिन्यातच गाठ पडली असती. लई वेळ बसले व्हते मी." तिला नियम पाठ होता, अमृता. खाली भंगारवाला बोलावत होता आणि पोरगी जिन्यात बसून माझी वाट बघत होती.

सांडू चोरीत सापडला तेव्हा तू बाल न्याय मंडळापुढं खरं तेच सांगितलंस आणि मी तुला सगळ्यांसमोर दगड म्हटलं. पुढच्या आठवड्यात तू नाशिकला निघून गेलीस. चूक माझी होती. हे सांगायला मला चार वर्षं लागली, याची लाज वाटते. उद्या अकराला मी अपेक्षाला आणि तिच्या आईला घेऊन बाल न्याय मंडळापुढं जातेय. ती तिचं सांगेल, मी माझं. खोटी हजेरी लिहिणाऱ्या बाईच्या हाती कुणी मुलं देणार नाही, आणि देऊही नयेत. पण केंद्र बंद पडायला नको. म्हणून हे पत्र. तू ये. माझ्यावरचा राग तसाच ठेवून ये, चालेल. कृष्णा परत आला की त्याचं नाव वहीत घाल. किल्ली भागूबाईंकडे ठेवली आहे. आणि एखाद्या संध्याकाळी अपेक्षा आली नाही, तर कितीही दमली असलीस तरी जा. ती जिन्यात बसलेली असेल.

तुझीच,
सावनी